ट्रोम्सोला दोनदा जाऊन आले

"आई, सुती काही आणू नकोस. एकही कपडा नको." नॉर्वेहून लेकीचा निरोप आला तेव्हा माझी बॅग निम्मी भरून झाली होती, आणि आत सुतीच कपडे होते. एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. घाम येणाऱ्या अंगाला सुती बरं, हे पोरांना सांगत आले. लेक म्हणाली, तिथं तोच घाम कपड्यात मुरतो, तू थांबलीस की गार पडतो आणि माणूस आतून गारठतो. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. म्हणून अंगाला लागून पातळ लोकर, त्यावर जाड लोकर आणि सगळ्यात वर वारापाणी अडवणारं जॅकेट.

ऐकता ऐकता मला आजी आठवली. माझं माहेर गगनबावड्याकडचं. आषाढात भाताची रोपं लावायला आजी चिखलात उतरायची तेव्हा डोक्यावरून पाठीवर इरलं असायचं. दिवसभर वाकून काम, वरून धो धो पाऊस, पण पाठ कोरडी. आजोबा गुरांमागं जाताना घोंगडं घ्यायचे. ओलं झालं की जड व्हायचं, पण आत ऊब असायची. पावसानं त्यांचं काम अडलेलं मी कधी बघितलं नाही. लेकीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुला ट्रोम्सो जड जाणार नाही."

लेक तिथल्या विद्यापीठात संशोधन करते. निवृत्तीनंतर मला वेळही होता. पहिल्यांदा गेले जानेवारीत, दुसऱ्यांदा जूनमध्ये. रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या बायकांनी तेव्हापासून एकच विचारलंय, "अंधारात जाऊन केलंस काय?" त्यांच्यासाठी हे नीट लिहून काढते.

ट्रोम्सो नॉर्वेच्या उत्तर टोकाकडं आहे, एका बेटावर वसलेलं. आर्क्टिक वृत्ताच्याही साडेतीनशे किलोमीटर वर. कोल्हापूर सतराव्या अक्षांशाजवळ, ते सत्तराव्याजवळ. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून विमानं बदलत ऑस्लो, आणि ऑस्लोहून आणखी जवळजवळ दोन तास उत्तरेला उडायचं. नॉर्वे किती लांबट देश आहे ते तेव्हा कळतं.

एवढ्या वर म्हणजे उणे चाळीस असणार, असं घरच्यांनी धरलं होतं. आमच्या ह्यांनी तर निघताना दोन वेळा विचारलं, "नक्की जायचंय ना?" उतरले तेव्हा पारा उणे तीनवर होता. अटलांटिकमधून येणारा कोमट पाण्याचा प्रवाह या किनाऱ्याला लागून वर जातो, त्यामुळं जानेवारीची सरासरी उणे तीन-चारच्या आसपास राहते आणि बंदर भर हिवाळ्यातही गोठत नाही. बर्फानं भरलेल्या डोंगरांच्या मधून मासेमारीच्या बोटी निवांत ये-जा करत असतात. पण शंभरेक किलोमीटर आत, फिनलंडच्या हद्दीकडं गेलं की समुद्राची ऊब संपते आणि थंडी एकदम चावायला लागते.

आणि अंधार. 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी सूर्य तिथं क्षितिजावर येतच नाही. मला वाटलेलं, चोवीस तास काळी रात्र असेल. तसं नसतं. सकाळी दहाच्या सुमाराला दक्षिणेकडं उजेड फुटायला लागतो, आकाशाच्या कडेला गुलाबी पट्टा येतो आणि बाकी सगळं निळं होतं. बर्फ निळा, पाणी निळं, समोरच्या माणसाचा चेहरासुद्धा. पांढरं कापड नीळ घातलेल्या बादलीतून काढावं तसं सगळं गाव दिसतं. दोन वाजेपर्यंत ते विरत जातं. रोज चार तास मिळणाऱ्या या निळ्या उजेडासाठी मी पुन्हा जाईन.

पहिल्या दिवशी लेकीनं दारामागच्या खुंटीवरून एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. जाड रबराचा पट्टा, त्याला खालून साखळ्या आणि पोलादी खिळे. बुटावर ओढून बसवायचा. तिथं त्याला 'ब्रॉडर' म्हणतात आणि तो प्रत्येक घरात दारामागं टांगलेला असतो, आपल्याकडं छत्री असते तसा. जानेवारीत मधेच पाऊस पडतो, रात्री तो गोठतो आणि रस्त्याची काच होते. तिसऱ्या दिवशी कचरा टाकायला म्हणून खिळे न लावता खाली गेले आणि दारातच कंबरेवर आपटले. आठवडाभर दुखत होतं. त्यानंतर पाय दाराबाहेर पडायच्या आधी खिळे. दुकानात शिरताना काढायचे, बाहेर आलं की पुन्हा चढवायचे. सत्तरीच्या आज्या उभ्या उभ्या एका पायावर तोल धरून ते चढवतात. मी त्यांच्या तोलाकडं बघत राहायचे. पी.टी.च्या माणसाला ते दिसतंच.

जॅकेटला चमकणारी छोटी पट्टी लटकवायची, म्हणजे गाडीवाल्याला माणूस दिसतो. कपाळाला दिवा. एवढं झालं की माणूस बाहेर पडायला मोकळा. आणि सगळे बाहेर पडतात. लेकीच्या घराजवळ बालवाडी आहे. सकाळी साडेनऊला, म्हणजे अजून दिवे लागलेलेच असताना, तीन-चार वर्षांची पोरं पिवळ्या बंड्या घालून अंगणात बर्फ उकरत असायची. वर बर्फ पडतोय आणि बाई शांतपणे त्यांच्यात उभ्या. कुणी आत चला म्हणत नाही. त्याहून लहान बाळं बाबागाडीत, लोकरीत गुंडाळून, बाहेर व्हरांड्यात झोपलेली. पहिल्यांदा बघून माझ्या पोटात गोळा आला. मग जवळ जाऊन बघितलं. बाळाचं नाक तेवढं उघडं, गाल लालबुंद, आणि गाढ झोप.

'हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात' अशी त्यांच्यात म्हणच आहे. मोकळ्या हवेतल्या जगण्याला त्यांच्या भाषेत 'फ्रीलुफ्ट्सलिव' म्हणतात. बेटाच्या मधोमध रानातून स्कीची वाट काढलेली आहे, तिला दिवे लावलेले आहेत. कामावरून सुटलेली माणसं संध्याकाळी पायाला पट्ट्या बांधून तिथं तासभर घसरत जातात, आपण रंकाळ्याला फेरी मारतो तसं. लेकीनं मलाही उभं केलं. पहिला दिवस नुसता पडण्यात आणि उठण्यात गेला. पट्ट्या आडव्या करायच्या, गुडघा टेकायचा, मग काठीवर भार. माझे वडील तालमीतले. आधी पडायला शीक, मग लढायला, असं ते सांगायचे. ते इथं कामाला आलं. चौथ्या दिवशी सलग दोन दिव्यांमधलं अंतर न पडता गेले. आठव्या दिवशी दिवे मोजायचे सोडून दिले.

ध्रुवीय प्रकाशाबद्दल सगळे विचारतात. बघितला. ट्रोम्सो ज्या पट्ट्याखाली येतं तिथं तो डोक्यावरच असतो, अडचण ढगांची असते. किनाऱ्यावर ढग असले की माणसं गाडी काढून शंभरावर किलोमीटर आत, शीबोत्नकडं जातात. डोंगर ढग अडवतात, पलीकडं आकाश मोकळं असतं. तीन रात्री आम्ही ढगांकडं बघून परतलो, चौथ्या रात्री गेलो. उणे एकोणीस. नाकातले केस कडक झालेले कळत होते. आधी एक फिकट पट्टा, धुरासारखा. मला वाटलं ढगच. मग तो हिरवा झाला आणि हलला. सूर्याकडून आलेले कण शंभर किलोमीटरच्या वर ऑक्सिजनवर आदळतात, त्याचा तो हिरवा. खालची कड जांभळट, ती नायट्रोजनची. लेक हे समजावत होती आणि मी ऐकतही होते, पण मान खाली करवत नव्हती. मी मोबाईल काढला नाही. ज्यांना फोटो हवेत त्यांनी लेकीकडं मागावेत.

मला जे मनापासून सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे.

सूर्य पंधरा जानेवारीला क्षितिजावर यायला लागतो, पण गावाच्या दक्षिणेला डोंगर आहेत. ते ओलांडून किरण गावात पोचायला 21 जानेवारी उजाडतो. त्या दिवसाला 'सूर्यदिन' म्हणतात. बेकऱ्यांमध्ये 'सूलबोले' म्हणून गोल, फुगलेला, गोड पाव मिळतो. त्याच्यासाठी रांगा लागतात. पोरं टेकड्यांवर जातात. माणसं कामाच्या जागेतून बाहेर येऊन दक्षिणेकडं तोंड करून उभी राहतात. दोन महिने ज्यानं तोंड दाखवलं नाही त्याला भेटायला.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपणही उभे राहतोच की. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, आणि नोव्हेंबरच्या 9, 10, 11 ला. मावळतीची किरणं अंबाबाईच्या महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. मंदिरातले दिवे मालवतात आणि हजारो माणसं श्वास धरून एका पिवळ्या पट्ट्याकडं बघतात. किरण किती पायऱ्या चढला, कुठं अडला, मधे इमारत आली की ढग आला, याची चर्चा दुसऱ्या दिवशी साऱ्या गावात. ट्रोम्सोला डोंगर आडवे येतात, इथं बांधकामं. पण वाट बघणाऱ्या माणसाची मान तशीच उंचावलेली असते.

एकवीसला ढग होते. गोड पाव खाल्ला, तासभर उभे राहिलो, परत आलो. बावीसलाही तेच. तेवीसला दुपारी मी एकटीच पुलावर होते. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा हा पूल 1960 मधला, एक किलोमीटरहून थोडा लांब, मधे कमानीसारखा उंच. वारा असा की कठडा धरून चालावं लागत होतं. पलीकडच्या टोकाला पांढरं त्रिकोणी चर्च आहे, 1965 मध्ये बांधलेलं. त्याच्या पाठीमागच्या डोंगराच्या शेंड्यावर आधी केशरी रेघ आली. मग खिंडीतून एक पट्टा सरळ पाण्यावर. माझ्या हातमोज्यावर उजेड पडला आणि त्याची सावली कठड्यावर. सतरा दिवसांत मी स्वतःची सावली बघितली नव्हती. समोरून एक म्हातारे गृहस्थ सायकल ढकलत येत होते. ते थांबले, सूर्याकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाले. मला भाषा येत नाही. मी हात जोडले. त्यांनीही सायकल कमरेला टेकवून हात जोडले. पाचेक मिनिटांत पट्टा गेला.

अठ्ठावीसला कोल्हापुरात परतले आणि एकतीसला देवळात होते. अंगात अजून झोपेचा घोळ होता. किरण चरणांवर आला तेव्हा शेजारच्या मावशींनी विचारलं, "पहिल्यांदा बघतेस काय गं?" डोळे पुसत मी नुसती मान हलवली.

जूनमध्ये तेच गाव ओळखू येईना. 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही. आपल्याकडं दिवस अकरा तासांचा तेरा तास झाला की उन्हाळा आला म्हणतो. तिथं दिवस संपतच नाही. रात्री अकराला माणसं बागेतलं गवत कापत असतात, पोरं ट्रॅम्पोलिनवर. खिडकीला काळा पडदा लावून झोपायचं, आणि झोप आली नाही तर उठून चालायला जायचं. बेटाच्या माथ्यावर प्रेस्तवान्ने नावाचं तळं आहे, भोवती वाट. जानेवारीत मी त्याच्या पोटावरून चालले होते, आता तिथं पक्षी पोहत होते. पहाटे तीनला फेरी मारताना मला बाकावर वाचत बसलेली एक बाई भेटली. रंकाळ्यावर पहाटे चारला अंधारात चालणारे आम्ही, पण असं उन्हात पहाटे तीनला कधी चाललो नव्हतो.

समोरच्या डोंगरावर रोपवे जातो, 1961 पासूनचा, वर 421 मीटरवर स्टोर्स्टाइनेन. पण शेजारून दगडी पायऱ्याही आहेत, बाराशे. त्या नेपाळच्या शेर्पांनी येऊन बांधल्या. प्रत्येक दगड हातानं बसवलेला, चुना नाही की सिमेंट नाही. पन्हाळ्याच्या आणि जोतिबाच्या पायऱ्यांवर वाढलेल्या माणसाला दगड कसा बसवलाय ते पायाला कळतं. मी वाकून सांध्यांवरून बोट फिरवून बघितलं. नखसुद्धा जात नव्हतं. डोंगर चढायला हिमालयातून माणसं आली, आणि इथल्या लोकांनी पायऱ्यांना त्यांचंच नाव ठेवलं, हे मला फार आवडलं. रात्री अकराला चढायला सुरुवात केली, पाऊण तासात वर. बाजूनं पाणी खळाळत होतं आणि गाववाले धावत वर जात होते. व्यायाम म्हणून, रात्री अकराला!

वर पोचलो. घड्याळात बारा वाजले तरी सूर्य अजून थोडा खालीच येत होता. लेक म्हणाली, घड्याळं तासभर पुढं केलेली असतात, खरी मध्यरात्र पाऊण वाजता. बरोबर तेव्हा तो उत्तरेला, समुद्रावर बोटभर वर येऊन थांबला. थांबला म्हणजे खरंच थांबल्यासारखा वाटला. मग आडवा सरकला आणि वर जायला लागला. मावळणं आणि उगवणं यांच्यामध्ये काहीच नव्हतं. मी डब्यातलं भडंग काढलं, लेकीनं थर्मासमधला चहा.

त्याच आठवड्यात मिडनाइट सन मॅरेथॉन होती. मी धावले नाही, पुलावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. तिथं धावणाऱ्याला 'हाइया! हाइया!' ओरडून जोर देतात. रथ ओढताना आपण हैय्या म्हणतो त्याचाच भाऊ. मला शिकावंच लागलं नाही.

मग पश्चिमेला सोमारॉयला गेलो, पांढऱ्या वाळूचं बेट, पाणी तारकर्लीसारखं हिरवं आणि गारेगार. गुडघ्यापर्यंत उतरले, पाय बधिर झाले. तिथं तंबू ठोकला. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. 1957 च्या कायद्यानं न कसलेल्या रानात चालायचा, राहायचा हक्क सगळ्यांना आहे, परक्यालाही. राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं आणि एका जागी दोन रात्रींहून जास्त नाही. 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर रानात आणि रानाजवळ शेकोटी नाही. कसल्याही पाट्या नाहीत, पहारा नाही, आणि मला वाळूत एक प्लास्टिकची बाटली दिसली नाही. दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणारी मी. आमच्याच माणसांनी टाकलेल्या बाटल्या वेचत दोन पोती भरून आणते. तिथल्या त्या स्वच्छ वाळूत बसून मला आनंदही झाला आणि रडूही आलं.

कुणाला जायचं असेल तर एवढं सांगते. ध्रुवीय प्रकाशासाठी सप्टेंबर ते मार्च, जूनमध्ये तो दिसत नाही कारण आकाश काळं होतच नाही. स्की शिकायचं तर मार्च-एप्रिल, उजेडही असतो आणि बर्फही. 1997 च्या एप्रिलअखेर तिथं 240 सेंटिमीटर बर्फ मोजलाय. डोंगरावर जायचं असेल तर हिमस्खलनाचा इशारा रोज एक ते पाच अशा अंकात येतो, तो बघितल्याशिवाय आणि माहीतगार माणसाशिवाय पाऊल टाकू नका. खाणं महाग आहे. जानेवारीत मिळणारा स्क्रेई नावाचा कॉड मासा घ्या, कांदा-लसूण मसाला बरोबर न्या.

परतल्यावर ते ब्रॉडर मी दारामागच्या खुंटीला लावून ठेवलेत. कोल्हापुरात त्यांचा उपयोग नाही, पण जाता-येता दिसतात.

निवृत्तीनंतर गल्लीतल्या पोरांना मी सकाळी मैदानावर घेते. पाऊस आला की आजवर वर्ग बंद, आई-बापांचे फोन यायच्या आधीच मी निरोप टाकायचे. एकतीस वर्षं शाळेतही हेच केलं. पहिला शिंतोडा पडला की पी.टी.चा तास वर्गात, हाताची घडी तोंडावर बोट. यंदा जुलैत निरोप टाकला नाही. फक्त सांगितलं, रेनकोट घाला, कोरडा जोड पिशवीत आणा, घरी गेल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा. विजा असतील तरच सुट्टी. पहिल्या दिवशी चार पोरं आली. आठवड्यानं अकरा. एका आईनं विचारलं, "बाई, सर्दी झाली तर?" मी त्यांना बालवाडीतल्या त्या अंगणाबद्दल सांगितलं, आणि आजीबद्दलही.

मागल्या सोमवारी धुवांधार होता. पलीकडच्या चाळीतला सहावीतला पोरगा मैदानाच्या फाटकातून आत आला तर अंगावर रेनकोट नव्हता. गावाकडून आजोबांचं इरलं आणलं होतं त्यानं, पार गुडघ्यापर्यंत आलेलं. मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. पाणी पाठीवरून पागोळ्यांसारखं गळत होतं. बाकीची पोरं कवायत सोडून त्याच्याभोवती गोळा झाली. "मला दे, मला दे." मी शिट्टी तोंडात धरली होती, वाजवली नाही. रांग लावा म्हटलं, एकेकानं आत शिरून बघायचं. शेवटी मीही वाकून आत शिरले. आत कोरडं होतं, आणि वाळल्या पानांचा वास येत होता.